बाभळीचं आढं

आमच्या मालकांचं नाव मच्छिंद्र. नवऱ्याचं नाव घेऊ नये म्हणत्यात, पण घेतलं न्हाई तर मी कुणाबद्दल बडबडती ते तुमाला कळायचं कसं? म्हणून एकदा घेतलं. हितनं पुढं मी 'हे' म्हणले की हेच समजा.

हे कुरकुंभला एका केमिकल कंपनीत फिटर व्हते. रिटायर झाले, पण फिटरपणा काय अंगातनं गेला न्हाई. कुणाच्या लग्नाला गेलं तरी खिशात टेप. मांडवाचा खांब जरा तिरका दिसला की ह्यांच्या घशाखाली बुंदी उतरत न्हाई. उभा जल्म मशिनीच्या आवाजात गेला म्हणून एका कानानं कमी ऐकू येतंय. मला तर वाटतंय, मी बोलायला लागले की दुसरा बी मुद्दाम बंद करत्यात. स्वतः बोलायचं म्हंजी शब्दाला जीएसटी लागतोय असं मोजून. पहिल्या बायकोचं नाव तर मी ह्यांच्या तोंडून कवा ऐकलंच नव्हतं.

व्हय, मी दुसरी. पहिली सुलक्षणा. अनिता जल्मली त्याच दिवशी ती गेली, ह्याच घरात, आतल्या खोलीत. हे तवा ड्युटीवर. निरोप पोचून सायकल हाणत घरी येईस्तोवर सगळं आटोपलेलं. बाळंतपणात गेलेली बाई माघारी फिरती, पोराच्या ओढीनं फिरती, असं आमच्याकडं मानत्यात. म्हणून मसणवट्यापासनं दारापर्यंत मोहऱ्या टाकल्या, तिनं त्या वेचत बसावं म्हणून. तिची लुगडी जाळली, एकुलता एक फोटू जाळला. आन् आमच्या सासूबाईंनी तिला कुठल्यातरी झाडाला खिळा मारून बांधली. आत्मा झाडात खिळला की त्याला पुढं पाऊल टाकता येत न्हाई. झाड कुठलं, ते नवऱ्याला सांगायचं नसतं. सांगितलं तर तो मायेपोटी जाऊन खिळा उपटंल, आन् ती सरळ घरात यील. सासूबाई गेल्या त्या न सांगताच गेल्या.

वरीस सरायच्या आत मी आले. मंगळसूत्राबरुबर गळ्यात सवतीचा टाक पडला. टाक म्हंजी मेलेल्या बायकोच्या नावाचा चांदीचा एवढासा पत्रा, दुसरीनं तो जल्मभर मिरवायचा. दिवाळीचं लुगडं आधी तिच्या नावानं पाटावर ठिवायचं, मग मी नेसायचं. ताटातला पहिला घास तिचा. मला मूल झालं न्हाई. बाया म्हणायच्या, सवतीनं हिची कूस धरली. लई राग यायचा मला. मी तिचं काय घेतलं व्हतं? एक पोरगी घेतली, आन् ती बी टाहो फोडून रडत व्हती म्हणून. आतल्या खोलीत गेले की मात्र माझी नजर कायम दाराकडं असायची. तिनसांजेला दारात उभं राहिलं की वाटायचं, लांबनं कुणीतरी बघतंय. माझ्याकडं न्हाई, माझ्या कडेवर जी हाय तिच्याकडं.

अनिता मोठी झाली, इनामगावला दिली. जावई जयसिंग गरीब स्वभावाचा, पण त्याची आई सरूबाई म्हंजी कडक काम. लग्नानंतर लई वर्सं पोरीला दिवस गेले न्हाईत. दवाखाने झाले, नवस झाले. गेल्या श्रावणात फोन आला की गेलेत. मी इतकी रडले की शेजारची बाई कोण गेलं म्हणून धावत आली.

पहिलं बाळंतपण माहेरी. हे काय कुणी सांगायला लागत न्हाई. मी तवापासनंच अंथरुणं-पांघरुणं धुऊन काढली. आन् सरूबाईंचा निरोप आला, पोरगी पाठवायची न्हाई. भांडल्या न्हाईत, उलट लई गोड बोलल्या. म्हणल्या, इहीणबाई, तुमच्यात काय खोट न्हाई, पण ज्या घरात तिची आई बाळंतपणात गेली त्या घरात माझी सून निजायची न्हाई. तुमीच इचार करा.

मी काय इचार करणार? माझं एवढंच तर लेकरू. तिला न्हाऊ घालायचं, शेक-शेगडी करायची, तिच्या पोराला पहिल्यांदा मी मांडीवर घ्यायचं. त्या एका दिवसाची वाट बघत मी निम्मं आयुष्य काढलं, आन् ती मेलेली बाई परत आडवी आली. त्या दिवशी मी तिच्या नावाचा घास काढला न्हाई. अख्खं ताट मी जेवले, रागानं.

हे ऐकत व्हते. उठले, अंगणात गेले, टेप काढला आन् माप घ्यायला लागले. मी म्हणले, काय चाललंय? तर म्हणले, "त्या घरात नको ना? मग घराच्या भाईर बांधतो."

पडवी बांधायची. घराला चिकटायची न्हाई, मधी वाव सोडायचा. खांब लाकडाचे, आढं लाकडाचं, वर कौलं, बाजूनं कमरेएवढ्या फळ्या. घरातली एक वीट, एक कडी, एक खिळा त्याला लावायचा न्हाई. सगळं कोरं. जयसिंग म्हणला, मी पत्रे पाठवतो, दोन दिवसात शेड उभं ऱ्हाईल. ह्यांनी फोन ठिवून दिला. उन्हाळ्यात बाळंतीण पत्र्याखाली निजवायची म्हंजी भाजायचीच की.

लाकूड घरचंच व्हतं. आमची वस्ती वरवंडच्या पलीकडं, कालव्याला लागून. बांधावर एक जुनी बाभळ व्हती, दोघांच्या कवेत न मावणारी. वैशाखाच्या वावटळीत ती मुळासकट आडवी झाली व्हती. जळणवाला मागायला आला तवा ह्यांनी दिली न्हाई, पावसाळाभर तशीच पडून भिजली. बाभळीचं लाकूड भिजलं की त्याला कीड धरत न्हाई, म्हणून ते बरंच झालं.

हे दौंडला वखारीत गेले. वखारवाल्यानं झाड कुठलं ते आधी इचारलं. बांधावरचं म्हणल्यावर नकोच म्हणला. बांधावरच्या झाडाच्या पोटात काय काय असतं, तारा, खिळे, नाल. आरा मशिनीचा पट्टा तुटला की मानसाच्या अंगावर येतो. ह्यांनी त्याला लई समजावलं, तो काय बधला न्हाई.

मग काय, आमच्या फिटरला कामच मिळालं. पेट्रोलवर चालणारं जुनं साखळीचं कटर कुठनंतरी उचलून आणलं. त्याला लोखंडी अँगलचा सांगाडा केला, त्याला बेरिंगची चाकं बसवली, म्हंजी कटर एका पातळीत सरकलं पायजे, फळी एकसारखी निघाली पायजे. पहिला काप सरळ यावा म्हणून ओंडक्यावर घरची लोखंडी शिडी आडवी बांधली आन् तिच्यावरनं ते गाडं ढकललं. मी म्हणले, आयुष्यभर मला एक मांडणी करून दिली न्हाई आन् आता आख्खी वखार काढली. तर हसले. खरंच हसले. मी चुलीपाशी जाऊन परत एकदा आठवून बघितलं, की हसलेच ना.

दिवाळी झाल्यावर काम सुरू झालं. शेजारचा म्हाळू पाचर मारायला यायचा, म्हंजी काप मिटून पातं अडकू नये म्हणून मागनं लाकडाची खुंटी ठोकायची. पहिली फळी उलटली तर आतनं लालभडक, गुळाच्या ढेपीसारखी. बांधावर सगळा कडवट वास सुटला. हे प्रत्येक फळीच्या टोकांना शेण लावायचे, चिरू नये म्हणून, आन् मधी पट्ट्या घालून सावलीत थर लावायचे. आढ्याचं लाकूड मधल्या गाभ्यातनं काढायचं ठरलं, सगळ्यात जुनं, सगळ्यात टणक. चारी बाजूंनी फळ्या काढत काढत गाभ्यापर्यंत जायचं.

चांगलं चाललं व्हतं. मग एका फळीवर काळं दिसलं.

घराच्या अंगाची फळी व्हती. खालच्या बाजूला, मानसाच्या कमरेएवढ्या उंचीवर, बोटाएवढा डाग. शाई सांडावी तसा निळाकाळा. म्हाळूनं हात लावून बघितला आन् हात धोतराला पुसला. हे म्हणले, आत लोखंड असंल. बाभळीच्या रसाला लोखंड लागलं की काळं पडतं, रिॲक्शन हाय ती. कंपनीत असलं लई बघितलंय. पुढची फळी काढली तर डाग वीतभर. त्याच्या पुढच्या फळीवर हातभर, वर निमुळता, खाली रुंद, आन् वरच्या टोकापासनं बारीक बारीक रेघा खाली आलेल्या, केस मोकळे सोडल्यावर येतात तशा.

म्हाळू त्या दिवशी जेवायला घरी गेला तो परत आलाच न्हाई. त्याच्या बायकोनं सांगितलं, कंबर धरली. धरली असंल, पण त्याच कंबरेनं तो तिनसांजेपर्यंत सगळ्या वस्तीवर सांगत हिंडला, की मच्छिंद्राच्या ओंडक्यात बाई हाय.

मला तवाच कळलं व्हतं, पण कळलं म्हणून सांगायचं कुणाला? त्या बाभळीकडं मी कितीदा गेले असंन. तिच्या शेंगा शेळ्यांना घातल्या, तिच्या सावलीत भाकरी खाल्ली, तिच्या बुंध्याला पाठ लावून अनिताच्या केसातल्या उवा काढल्या. म्हंजी माझ्या पाठीला तिची पाठ लागली व्हती. माझ्या अंगावर काटा आला तो जाईचना. गाय सुदिक त्या दिवसापासनं बांधाच्या कडंनं जायची न्हाई, मान वळवून लांबनं जायची. हे म्हणले, पेट्रोलच्या वासानं. ह्यांच्याकडं सगळ्याला उत्तर असतं.

मी म्हणले, राहू द्या हे लाकूड. पेटवून द्या, न्हाईतर नदीत सोडा. हे म्हणले, आढं कशाचं घालू? तेवढं लांब सरळ लाकूड दुसरं हाय का? आन् एकटेच कटर सुरू करून बसले. एका हातानं गाडं ढकलायचं, मग उठून मागं जाऊन पाचर मारायची, परत पुढं यायचं. घामानं शर्ट भिजलेला. मी ओट्यावर बसून बघत व्हते. शिव्या दिल्या मनातल्या मनात, ह्यांना बी आन् तिला बी. शेवटी पदर खोचला, गेले, आन् हातोडा हातात घेतला. काय करणार? पोरगी माझी यायची व्हती.

दोघं मिळून तो काप घ्यायला लागलो. निम्म्यावर आलो तशी कटरचं पातं आवाज बदलून ओरडायला लागलं. ठिणग्या उडाल्या, साखळी तुटून बाजूला पडली आन् एकदम शांत झालं. बांधावर पाखरू बोलत नव्हतं. ह्यांनी फळी पहारीनं उचकटली.

गाभ्यावर सगळं काळं पसरलं व्हतं, मानसाएवढं. मधोमध चपट्या डोक्याचा जुना खिळा. ह्यांनी पटाशीनं भोवतालचं लाकूड कोरलं. हळूहळू, चिरलं जाऊ नये असं कोरलं. खिळ्याच्या डोक्याखाली एक कडं अडकवलेलं व्हतं, बायका पायात घालत्यात ते चांदीचं जोडवं. काळं ठिक्कर पडलेलं. ह्यांनी अंगठ्यानं पुसलं. एका जागी पिवळा ठिपका चमकला, पितळेनं सांधल्याचा डाग.

हे खाली बसले. जोडवं तुटलं व्हतं तवा कंपनीतनं ह्यांनीच त्याला पितळेचा डाग दिऊन आणला व्हता. आपल्या हातचं काम फिटर इसरत न्हाई. मला म्हणले, "सुलक्षणाचं हाय." नाव घेतलं ते हे असं, पहिल्यांदा, आन् मग तोंडावर हात ठिवून रडले. मी ह्यांना रडताना कवा बघितलं नव्हतं. जवळ जाऊन पाठीवर हात ठिवायला पायजे व्हता, पण मी गेले न्हाई. त्या काळ्याच्या आन् माझ्या मधी हे बसलेले, आन् मला वाटलं, मीच चुकून त्यांच्या दोघांत आलीय.

खिळा ह्यांनी काढला न्हाई. तसाच ठिवला, वर पोतं टाकलं.

मी विठाबाईकडं गेले. अनिताच्या येळंची ती सुईण, आता डोळ्यांनी दिसत न्हाई, खाटंवरच असती. मला फक्त इचारायचं व्हतं की ह्या खिळ्याचं करायचं काय, कुठं टाकायचा. मी सांगायला लागले तर ती म्हणली, घराच्या अंगाला निघाला का? खाली, कमरेएवढ्यावर? हिला कसं ठाऊक? तर म्हणली, देवरुशानं खिळा मंतरून दिला, पण तो म्हणत व्हता की पार नदीकडंला नेऊन, गावाकडं पाठ करून मारायचा. तुझ्या सासूनं त्याला दक्षिणा दिऊन वाटंला लावला, आन् खिळा स्वतः मारला. बुटकी बाई, तिचा हात तेवढाच पोचला. हातोडी द्यायला मी व्हते.

मी म्हणले, पण बांधावर का? इतकं जवळ?

विठाबाई म्हणली, "मला म्हणली, पोरीचं रडणं तिला ऐकू येऊ दे. घरात तेवढं येता येऊ ने, बाकी दिसू दे तिला."

आन् मग सांगितलं, की रोज तिनसांजेला म्हातारी अनिताला टॉवेलात गुंडाळून त्या बाभळीपाशी न्यायची. झाडासमोर धरून उभी ऱ्हायची, आज एवढं दूध प्याली, आज पालथी पडली, असं सांगायची. मी लग्न होऊन आले त्याच्या नंतर बी काही महिने न्यायची. मला वाटायचं, पोरीला वाऱ्याला नेती. मग एके दिवशी बंद केलं. मी इचारलं, का बंद केलं?

विठाबाई म्हणली, पोरगी तुला आई म्हणायला लागली ना. म्हातारी म्हणली, आता तिला कशाला ऐकवायचं.

मी तितनं कशी उठले मला ठाऊक न्हाई. कालव्याच्या कडंनं चालत येताना पहिल्यांदा मला तिची भीती वाटली न्हाई, कीव आली, आन् त्या किवेनं जास्तच घाबरले. दारात उभं राहिलं की कुणीतरी बघतंय असं जे मला वाटायचं, ते खोटं नव्हतं तर. अंगणात माझ्या कडेवर पोरगी "आई, आई" करून नाचायची, आन् ही तिकडं उभी, खिळलेली. कान बी बंद करता येत नव्हते.

ह्यांना सगळं सांगितलं. ऐकलं आन् शेतात निघून गेले.

तोवर म्हाळूची बातमी, आन् तिच्या मागनं विठाबाईच्या घरनं फुटलेली जोडव्याची बी, इनामगावला पोचली व्हतीच. सरूबाईंचा फोन आला, आता गोड बोलल्या न्हाईत. त्या बाईच्या लाकडाखाली माझी सून यायची न्हाई, पडवी तुमच्या शेळ्यांना करा. संपलं, असं वाटलं. आन् पलीकडनं फोन अनितानं घेतला. कशी हाईस न्हाई, काय न्हाई. एवढंच इचारलं, आईचं जोडवं निघालं ते खरं का.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या आत जयसिंगची गाडी बांधापाशी उभी. मागं सरूबाई तोंड फुगवून बसलेल्या, सुनेला परत न्यायलाच आलेल्या. अनिताला सातवा लागला व्हता. पोट सावरत उतरली आन् मला ओलांडून सरळ ओंडक्याकडं गेली. माझ्याकडं बघितलं बी न्हाई. मी हातात पाण्याचा तांब्या घिऊन उभी, तशीच राहिले. खोटं कशाला बोलू, लई लागलं मला. वाटलं, गेली. जिची व्हती तिच्याकडं गेली.

पोतं ह्यांनी काढलं. अनिता त्या काळ्याजवळ बसली, जोडव्याला बोट लावलं. तिला आईची म्हणून एक वस्तू कुणी कवा दाखवली नव्हती. फोटू सुदिक न्हाई. "आण्णा, मला हे पायजे," एवढंच म्हणली. पण खिळा काढल्याशिवाय जोडवं सुटत नव्हतं. सगळ्यांना ते दिसत व्हतं.

सरूबाई पुढं आल्या. मला वाटलं, आता तोंड सुटतंय. पण त्या वाकून खिळ्याकडं बघत राहिल्या. मग म्हणल्या, माझं माहेर बी इनामगावच, मी पोरगी व्हते तवा आमच्या टेकाडावर पुण्याची लोकं खणायला आली व्हती, मी पाट्या उचलायला जायची. लई जुन्या काळची मानसं निघाली. घरातच पुरलेली, जमिनीखाली, आन् पाय घोट्यापासनं तोडलेले. साहेब लोक सांगायचे, मेलेलं माणूस उठून जाऊ ने म्हणून तोडलेत. मला वाटायचं, दुष्मनांनी तोडले असतील. "घरच्यांनीच तोडले व्हते, इहीणबाई. आपल्याच लोकांनी." आन् पदर तोंडाला लावून बाजूच्या दगडावर बसल्या.

हे मोठी पक्कड घिऊन उभे व्हते. खिळ्याला लावायच्या ऐवजी माझ्याकडं वळले. एवढ्या वर्सात ह्यांनी मला कवा काय इचारलं असंल तर मीठ कुठंय एवढंच. म्हणले, "तू सांग. घरात येणार हाय ती तुझ्या."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी त्या काळ्याकडं बघितलं. न्हाई म्हणले असते तर कुणी मला बोललं नसतं. जोडवं कापून काढता आलं असतं, खिळा आत राहिला असता, गाभा नदीत गेला असता. मी मोकळी झाले असते. पण ती मोकळी झाली नसती, आन् मग मी तरी काय मोकळी व्हणार व्हते?

"काढा," मी म्हणले. "लई दिवस उन्हात उभी हाय."

खिळा एवढा किंचाळला बाहेर येताना, की जयसिंगनं कानावर हात ठिवले. ह्यांच्या बहिऱ्या कानाला सुदिक ऐकू गेला असंल. काळ्या भोकातनं थोडं पाणी आलं, जुनं, गंजाचं. जोडवं अनिताच्या तळहातावर पडलं. तिनं मूठ मिटली, डोळे मिटले, बराच येळ तशीच बसून राहिली. वारा न्हाई, काय न्हाई.

मग तिनं डोळे उघडले आन् माझ्याकडं हात केला, उठव म्हणून. म्हणली, "आई, भूक लागली गं. सकाळपासनं काय खाल्लं न्हाई."

मी तांब्या खाली ठिवला आन् तिला उठवलं. ती परत गेली न्हाई, पडवी व्हईस्तोवर भाईरच्या खोलीत माझ्याजवळ निजली. सरूबाई बी चार दिवस राहिल्या, आमचा चहा पांचट असतो म्हणून रोज सांगून गेल्या.

माघात पडवी उभी राहिली. आढं त्याच गाभ्याचं. काळी बाजू ह्यांनी खालच्या अंगाला घेतली, रंधा मारला न्हाई, रंग दिला न्हाई, नुसतं जवसाचं तेल चोळलं. खिळ्याच्या भोकात लाकडाची खुंटी बसवायला फिटरला किती येळ लागतो? पण ते भोक ह्यांनी बुजवलं न्हाई, आन् मी बी आठवण केली न्हाई. फाल्गुनात अनिता बाळंत झाली. दवाखान्यात झाली, नीट झाली. त्या रात्रभर हे दवाखान्याच्या दारात उभे व्हते, बस म्हणलं तरी बसले न्हाईत. नात झाली. पहिल्यांदा मी घेतली मांडीवर. त्याबद्दल मी काय सांगणार न्हाई, ते माझं मला राहू द्या.

आता ऊन लई तापलंय. दुपारची अनिता पडवीत निजती, शेजारी आढ्याला पाळणा. परवा अनिता न्हायला गेली व्हती, हे वरवंडला बाजारात, आन् मी आत चुलीपुढं. हात पिठाचे, भाकर तव्यावर. पोरगी पाळण्यात रडायला लागली. आले गं आले, म्हणून मी हात झटकतीय तोवर रडणं एकदम थांबलं. असं थांबलं, जसं कुणी उचलून घ्यावं. तशीच धावत दारात गेले.

पाळणा जाग्यावर. पान हलत नव्हतं. पोरगी उताणी पडून वर आढ्याकडं बघत व्हती, त्या काळ्याकडं, आन् हसत व्हती. पाय झाडत, हुंकार देत, कुणीतरी बोलावं आन् आपण उत्तर द्यावं तशी. अंगावर काटा आला का? आला. खोटं कशाला सांगू. दाराची चौकट धरून मी किती येळ उभी व्हते कुणास ठाऊक. पळत जाऊन पोरगी उचलावी, छातीशी धरावी, असं हाताला वाटत व्हतं.

उचलली न्हाई. तव्यावरचा वास आला तशी भानावर आले.

"बाई," मी आढ्याकडं बघून म्हणले, "आलीच हाईस तर बघ जरा तिच्याकडं. माझी भाकर करपतीय."

आन् मी आत गेले.